पुढच्या सीटवरचा डाग

“अरे हळू! मारशील की काय!” पाहुणा मागून ओरडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वळणावर म्हैस आडवी आली होती. मी ब्रेक दाबला. गाडी तिच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवरून पुढं वाकून माझ्याशी गप्पा मारणाऱ्या त्या माणसाच्या हातातला प्लास्टिकचा ग्लास उडाला आणि माझ्या डावीकडच्या रिकाम्या सीटवर उपडा पडला. काठोकाठ भरलेला होता. रम आणि कोला. सीट फिकट राखाडी कापडाची. बघता बघता तिच्यावर ताटाएवढा तांबूस काळा डाग पसरला आणि वास माझ्या नाकात शिरला.

म्हैस निघून गेली. मी तसाच बसून राहिलो.

“चल की,” तो म्हणाला. “गेला एक ग्लास. आहे अजून.” मग माझा खांदा थोपटून म्हणाला, “तूही घे घोटभर. केवढा घाबरलास!”

“नको साहेब. पोट बिघडलंय.”

पोटाला काही झालं नव्हतं. मला दारू सोडून आठ महिने आणि अकरा दिवस झाले होते, आणि हे सांगायची मला लाज वाटली.

तेवीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा चिपळूणला पेडणेकर शेठांची टॅक्सी चालवत होतो. त्या रविवारी सकाळी स्टेशनवरून हा पाहुणा गुहागरला सोडायचा आणि मग दिवसभर गाडी माझी, असं शेठांनी कबूल केलं होतं. कारण त्या दिवशी बारा वाजता मला आंबेऱ्याला जाऊन माझ्या बायकोला घरी आणायचं होतं.

शैला दोन वर्षं माहेरी होती. आमची प्राची सहा वर्षांची. आधी एकदा मी असाच आणायला जायचं ठरवलं होतं. सकाळी निघालो तो संध्याकाळी पोचलो, आणि अंगणात तुळशीवृंदावनाला धडकून पडलो. प्राची ओट्यावर उभी होती. मला उचलायला कोणी आलं नाही. सकाळी दव पडल्यावर थंडीनं जाग आली, तेव्हा घराचं दार बंद होतं.

त्यानंतर मी दारू सोडली म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? दर गुरुवारी शाळेच्या खोलीत आमच्यासारख्यांची बैठक भरायची, तिथं जायला लागलो. आठ महिन्यांनी शैलाचा मोठा भाऊ अनंत चिपळूणला येऊन मला भेटला. बसलाही नाही. उभ्यानंच बोलला.

“रविवारी ये. बाराच्या आत. ती तयार राहील. त्या दिवशी नाही आलास, किंवा आलास आणि वास आला, तर पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नकोस.”

आणि आता वास माझ्या शेजारी बसला होता. शैला जिथं बसणार होती तिथंच.

पाहुण्याला गुहागरला सोडलं तेव्हा पावणेदहा झाले होते. त्यानं बॅग उचलली, सीटकडं बघून हसला. “पुसून घे रे तेवढं,” म्हणाला आणि गेला.

मी चारही काचा खाली केल्या आणि गाडी पळवली. शिमग्याला आठवडा राहिला होता, ऊन आत्ताच चटकत होतं. ऊन जसं सीटवर यायला लागलं तसा वास वाढला. आधी गोड, मग तिखट. मी तोंडानं श्वास घ्यायला लागलो, तर तो घशात लागायला लागला. तोंडाला पाणी सुटलं. मला प्यायची इच्छा झाली असं मी म्हणणार नाही. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण जिभेनं मला विचारलं नव्हतं. ती आपोआप ओली होत होती, आणि माझी बोटं स्टिअरिंगवर थरथरत होती. आठ महिन्यांत मला पहिल्यांदा स्वतःच्या अंगाची भीती वाटली.

त्या रस्त्यावरची दारू मिळायची एकूण एक ठिकाणं मला पाठ होती. वडाजवळचं. बंद पडलेल्या भात गिरणीच्या मागचं. प्रत्येक जवळ आलं की मी वेग वाढवायचो आणि रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवरून नजर काढायचो नाही.

फोन करून उद्या येतो म्हणावं, असंही मनात आलं. पण तसे फोन मी आधी बरेच केले होते.

आंबेऱ्याच्या अलीकडं आठ-नऊ किलोमीटरवर एक पऱ्ह्या लागतो. पावसाळ्यात दणदणून वाहणारा, पण त्या दिवसांत खडकांमधे एवढ्याशा डोहांपुरतं पाणी उरलेलं. पुलाखाली गाडी उतरवता येते. मी उतरवली. खाली डोहावर एक म्हातारी गोधड्या धूत होती. बाकी कोणी नव्हतं.

मी खिशातला रुमाल भिजवला आणि सीट घासायला लागलो. जोर लावून, गोल गोल, भांडं घासावं तसा. डाग जाईना. उलट ताटाएवढा होता तो सुपाएवढा झाला. रुमाल तांबडा झाला. तो पिळला, परत भिजवला, परत घासला, परत पिळला. पिळताना मनगटावरून ओघळ खाली आला.

पुढचं मला नीट आठवतं, आणि सांगायला अजून जड जातं. मी भानावर आलो तेव्हा माझी मूठ तोंडाशी होती. पिळलेला रुमाल मुठीत, आणि अंगठ्याची बाजू ओठांपासून दोन बोटांवर. मी ती तिथं कधी नेली ते मला माहीत नाही.

मी रुमाल फेकला. खडकावर बसून वाळू घेतली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घासले, लाल होईपर्यंत. मग गाडीतल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या, हातांवर चढवल्या आणि मनगटाला सुतळीनं बांधल्या. गाठी दातांनी मारल्या. कोणी बघितलं असतं तर वेडा म्हटलं असतं. पण हातांवर माझा भरवसा उरला नव्हता.

सीटखाली काही ओघळलं का बघावं म्हणून मी पायपुसणं ओढलं. त्याच्याबरोबर बाटली बाहेर आली.

पाहुण्याचीच. त्यानं पायाशी ठेवली असणार, आणि ब्रेक लागला तेव्हा घरंगळून पुढच्या सीटखाली आली असणार. झाकण घट्ट. अर्ध्याहून जास्त भरलेली. ती दाराशी येऊन थांबली आणि उन्हात चमकायला लागली.

मी दोन पावलं मागं सरलो. जनावर बघून सरावं तसा.

ही फेकून दे, इतकं सोपं होतं. पण मी एकदा अशीच बाटली करवंदीच्या जाळीत भिरकावली होती, आणि तासाभरानं गुडघ्यांवर बसून, काट्यांत हात घालून तीच शोधली होती. रिकामी करायची तर झाकण उघडायला हवं. आणि उघडल्यावर मी ती कशी धरीन, तिरकी जमिनीकडं की तिरकी माझ्याकडं, हे मला त्या क्षणी खरोखर सांगता आलं नसतं. घड्याळात साडेदहा झाले होते. आजूबाजूला कोणी नाही, कोणाला कळणार नाही, एकच झाकणभर, तीही या थरथरीपुरती, असं कोणीतरी माझ्याच आवाजात माझ्या कानात समजुतीनं बोलत होतं. त्या समजुतीच्या आवाजानं मी सगळ्यात जास्त घाबरलो.

“मावशी!” मी खाली ओरडलो. “जरा वर येता का?”

म्हातारीनं मान वर केली. “कशाला?”

“एक काम आहे. मला करवत नाही.”

ती आली, पण गोधड्या बडवायचं धोपटणं हातात घेऊनच आली. साठीच्या पुढची, काटक, साडीचा ओचा खोचलेला. चार हातांवर थांबून तिनं आधी माझ्या पिशव्या बांधलेल्या हातांकडं बघितलं, मग गाडीकडं, मग बाटलीकडं.

“ती बाटली तेवढी ओतून टाका,” मी म्हणालो.

“तुझ्या हातांना काय झालंय?”

“मी उघडली तर पिईन.”

तिनं नाक आक्रसलं. “प्यालाच हायस की. वास येतोय.”

“सीटला येतोय, मावशी. मी प्यायलो नाही.”

“सगळे असंच बोलतात,” ती म्हणाली. तिला माझं खरं वाटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. तरी ती पुढं झाली, बाटली उचलली आणि झाकण फिरवलं. तो कटकन आवाज माझ्या मणक्यातून गेला. मी गाडीकडं तोंड केलं, दाराची चौकट धरली आणि डोळे मिटले.

“इथं नको,” ती स्वतःशीच बोलली. “पाण्यात गेली तर खाली म्हशी पितात.” ती लांब दगडांकडं चालत गेली. मग गळगळ आवाज. बराच वेळ चालल्यासारखा वाटला. थांबला तेव्हा माझ्या पाठीवर शर्ट चिकटला होता.

ती परत आली तेव्हा बाटली धुऊन घेतलेली होती. “ही मी नेते. रॉकेल ठेवायला होईल.”

“न्या.”

आता जाईल असं वाटलं. पण तिनं गाडीत डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला.

“हे कोणी केलं? घासून घासून सगळा आत नेलास की रे! कापडाला घासत्यात का असं?”

“मग काय करू?”

“बाजूला हो.”

तिनं खालून एक सुक्या लुगड्याचा धडपा आणला. चौघडी करून डागावर ठेवला आणि वर तळहात टेकवून सगळा भार टाकला. उचलला तर धडप्यावर तांबडं उमटलं होतं. “हे असं. दाबायचं आनि उचलायचं. दाबायचं आनि उचलायचं. आतलं पानी वर यायला पायजे. कडेनं सुरू कर, मधे ये. मधनं कडेला गेलास तर डाग वाढत जातो.”

मी दाबायला लागलो. ती गोधड्यांसाठी भिजवलेल्या रिठ्याचं फेसाळ पाणी भांड्यात घेऊन आली. हातानं थोडं थोडं शिंपडायची आणि मला म्हणायची, दाब. धडपा भरला की ती डोहावर जाऊन पिळून आणायची. तो मला पिळायला तिनं एकदाही दिला नाही. मी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून ओळखलं असावं.

“कुठं चाललायस?” मधेच तिनं विचारलं.

मी सांगितलं. दोन वर्षं, अनंत, बारा वाजता, सगळं. ती ऐकत होती आणि पाणी शिंपडत होती. मला वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलेल.

“मी तिच्या जाग्यावर असते तर नसते बसले,” ती म्हणाली.

मी दाबायचा थांबलो.

“दाब,” ती म्हणाली.

सव्वाअकरापर्यंत डागाचा रंग गेला. सीट ओलीचिंब, गडद, पण डाग म्हणून काही दिसेना. वास मात्र होता. पहिल्यासारखा नाही, पण जिला माहीत आहे तिला कळेल एवढा.

“फाट्यावर भजीवाला हाय,” ती म्हणाली. “त्याच्याकडनं खायचा सोडा घे आनि वर टाक. थोडा वास वढून घेईल. सगळा नाय जायचा, तुला आधीच सांगते. माझ्या नातवानं गादी ओली केली का मी हेच करते, तरी दोन दिवस राहतोच.”

मी हातांच्या पिशव्या सोडल्या आणि तिच्या पाया पडायला वाकलो. ती मागं सरकली.

“जा, वेळ होईल,” म्हणाली आणि खाली गोधड्यांकडं गेली. तिचं नावही विचारायचं राहिलं.

फाट्यावरून सोडा घेतला आणि सीटवर पसरला. भजीवाला उदबत्तीचे पुडेही विकत होता. एक हातात घेतला आणि ठेवून दिला. पूर्वी मी प्यायलो की गाडीत उदबत्ती लावायचो. उदबत्तीचा वास आला की शैलाला पुढचं सगळं कळायचं.

उरलेल्या रस्त्यात मी खोटं शोधत होतो. औषधाची बाटली फुटली म्हणावं. पाहुण्याला उलटी झाली म्हणावं. सीटला नवीन काहीतरी लावलंय म्हणावं. प्रत्येक खोटं मी मोठ्यानं बोलून बघितलं. छान जमत होतं. इतकी वर्षं त्यातच गेली होती. खरं होतं ते एकदाच बोलून बघितलं. तेच सगळ्यात खोटं वाटलं.

गावाच्या शिवेवर थांबून सोडा झटकला. बाराला पाच कमी होते.

अनंत अंगणात उभा होता. ओट्यावर शैला. दोन वर्षांत बारीक झाली होती. तिच्या पायाशी दोन पिशव्या, आणि मागं खांबाला धरून प्राची. शेजारच्या पडवीत तीन-चार माणसं उगाच काहीतरी करत बसली होती.

मी उतरलो. “आलो,” एवढंच बोललो.

“दिसतंय,” अनंत म्हणाला. त्यानं पिशव्या उचलल्या, पुढचं दार उघडलं, आणि तिथंच थांबला. वाकला. पिशव्या जमिनीवर ठेवल्या. वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा त्याचा चेहरा शांत होता.

“वास कसला आहे?”

औषधाची बाटली ओठांवर आली होती. ओट्यावरून प्राची बघत होती.

“रमचा,” मी म्हणालो. “सकाळच्या पाहुण्याच्या हातून सांडली. त्या पऱ्ह्यावर धुतली, पण गेला नाही. मी प्यायलो नाही.”

पडवीत कोणीतरी हसलं.

“ऐकलंस?” अनंत शैलाकडं बघून म्हणाला. “सांडली म्हणे. आत जा तू.” मग माझ्याकडं वळला. “रमाकांत, गाडी काढ. आल्या पावली परत जा.”

“दादा, खरंच—”

“जा म्हणतो ना!”

पटेल असा एकही शब्द मी आयुष्यात शिल्लक ठेवला नव्हता. मी वळलो. दारावर हात ठेवला.

“थांबा,” शैला म्हणाली.

ती ओट्यावरून उतरली. अंगण ओलांडून सावकाश माझ्यासमोर आली, अगदी जवळ. दोन वर्षांत ती एवढ्या जवळ कधी उभी राहिली नव्हती.

“तोंड उघडा.”

पडवीतले लोक उठून उभे राहिले. मला कानापर्यंत गरम झालं. पण मी तोंड उघडलं. डॉक्टरपुढं पोर उघडतं तसं, मोठं. ती टाचा उंच करून वर झाली आणि नाक माझ्या ओठांशी आणलं. मी श्वास सोडला. तिनं डोळे वर केले नाहीत. नजर खालीच होती. मला वाटलं, तिलाही लाज वाटत असेल. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. न पिताही माझ्या तोंडाला वास येत असेल अशी भलतीच भीती मला वाटायला लागली.

मग तिच्या टाचा खाली टेकल्या.

“दादा, पिशव्या मागं ठेव,” ती म्हणाली. “प्राची, चल गं.”

अनंत हलला नाही. तिनं स्वतःच पिशव्या ठेवल्या, पोरीला मागं बसवलं आणि पुढं येऊन बसली.

“ओली आहे,” मी म्हणालो.

“कळलं,” ती म्हणाली.

चिपळूणपर्यंत मी चाळीसच्या वर वेग नेला नाही.

त्यानंतर मी प्यायलो नाही. एक-दोनदा अगदी काठावर गेलो, पण प्यायलो नाही. शैला पुन्हा माहेरी गेली ती फक्त सणाला आणि प्राचीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला.

गेल्या वर्षी प्राची आणि जावई पहिल्यांदा चार दिवस राहायला आले होते. जेवताना गाड्यांचा विषय निघाला, आणि मी त्यांना ही हकिकत सांगितली. आता ती मी हसत सांगू शकतो. शेवटाला म्हणालो, “तुमच्या सासूबाईंचं नाक म्हणजे काय सांगू! त्या दिवशी त्या नाकावरच माझा संसार उभा राहिला.”

शैला वाढत होती. “नाकाचं काय घेऊन बसलात,” ती म्हणाली. “चार दिवस सर्दीनं चोंदलं होतं ते. गाडीचा वास तरी कुठं आला मला? दादानं सांगितला म्हणून कळला.”

मी हसायचा थांबलो. “मग तोंड कशाला उघडायला लावलंस?”

“चारचौघांत तोंड उघडा म्हटलं की तुम्ही काय करता ते बघायचं होतं.” ती डावानं आमटी ढवळत होती. “प्यायलेले असताना असं काही विचारलं की तुमचा हात उठायचा. मी हातांकडं बघत होते. तुम्ही यायच्या आधीच दादाला सांगून ठेवलं होतं, हात उठला तर मधे पडू नकोस. एकदाचं मला कळू दे.”

जावयांनी मान खाली घातली. प्राची त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. माझा हात उठायचा, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कधी कोणालाच सांगत नव्हतो. तुळशीपाशी पडलो तेवढं सांगायचो.

“तू घाबरली होतीस?” मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“खूप,” शैला म्हणाली, आणि जावयांच्या पानात भात वाढला.